कॉकपिट बोलकं करतेयस, तर आधी हे वाच

अगं, न दिसणाऱ्यांसाठी कॉकपिटमधले आकडे बोलून दाखवणाऱ्या तुझ्या प्लगइनचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. मला दिसत नाही आणि मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एनव्हीडीए या स्क्रीनरीडरवरच, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवरच, उडवतो, त्यामुळे तू हे काम हातात घेतलंयस याचा मला मनापासून आनंद झालाय. म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. सिमकनेक्टमधून, म्हणजे सिमची माहिती बाहेरच्या प्रोग्रामला देणाऱ्या दुव्यातून, तू ‘प्लेन अल्टिट्यूड’ घेऊन बोलतेयस, ती विमानाची खरी उंची झाली, पण पायलटसमोरचा अल्टिमीटर ती दाखवतच नाही ना, तो हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि त्यासाठी नॉबवर त्या जागेचा दाब लावावा लागतो. त्यात एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) चुकला की साधारण २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. म्हणजे पावसाळ्यात मुंबईला दाब १००४ असेल आणि आपण नॉब १०१३ वरच ठेवला तर डायल अडीचशे फूट जास्त दाखवणार, म्हणजे आपण समजतोय त्यापेक्षा खाली असणार. डोळस माणसाला हे सगळं सांभाळावं लागतं, मग मला आयती खरी उंची का द्यायची? ‘इंडिकेटेड अल्टिट्यूड’ वाच. मला डायल जे सांगते तेच हवंय, तिच्या चुकीसकट.

बँकचंही, म्हणजे विमान डावी-उजवीकडे किती कललंय त्याचंही, तसंच. व्हॅक्यूम पंप बंद पडला की त्यावर चालणारा आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमानाचा कल दाखवणारा डायल, हळूहळू खोटं सांगायला लागतो आणि वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरशी त्याचा मेळ बसेनासा होतो, तिथूनच पायलटला कळतं की काहीतरी बिघडलंय. तू थेट विमानाचा खरा कोन दिलास तर माझ्यासाठी तो पंप कधी बिघडणारच नाही. ‘ॲटिट्यूड इंडिकेटर बँक डिग्रीज’ नावाचं व्हेरिएबल आहे, ते घे. आणि चिन्हं तपासून घे हं, पिचमध्ये, म्हणजे नाक वर-खाली होण्याच्या कोनात, नाक वर गेलं की आकडा निगेटिव्ह येतो, ते उलटं राहिलं तर नवा माणूस विमान थेट जमिनीत घालेल.

आता बोलण्याबद्दल. मिनिटाला हजार फुटांनी उतरताना विमान सेकंदाला १७ फूट खाली येतं आणि तुझं ‘सध्याची उंची तीन हजार दोनशे फूट’ हे वाक्य बोलून होईपर्यंत ती उंची मागे पडलेली असते, त्यात रांग साचली की ऐकू येणारा प्रत्येक आकडा शिळा. नवा आकडा आला की जुनं बोलणं तोड, एनव्हीडीएला बाहेरच्या प्रोग्राममधून बोलायला लावणाऱ्या कंट्रोलर क्लायंटमध्ये त्यासाठी कॅन्सल स्पीचचं फंक्शन आहेच. मी कीबोर्डवरची उंचीची की दाबली तर नुसतं ‘३२००’ म्हण, मी काय विचारलं ते मला माहितीये. एरवी गप्प राहा. टॉवर बोलत असताना मधेच बडबड आली की क्लिअरन्स, म्हणजे टॉवरने दिलेली परवानगी, ऐकायची हुकते.

जे सतत बदलतं ते बोलण्यात घालूच नकोस, सुरात घाल. हे काही नवीन नाही. १९४६ मध्ये फोर्ब्झ नावाच्या संशोधकाने नुसत्या आवाजावर विमान सरळ ठेवण्याच्या प्रयोगांबद्दल लिहिलं होतं. त्याच्याही आधी पायलट रेडिओ रेंजवर, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर, कानाने वाट काढायचे, एका बाजूला मोर्सचा ए, दुसऱ्या बाजूला एन, आणि बरोबर मार्गावर असलं की दोन्ही मिसळून एकसलग सूर. ग्लायडरवाले आजही व्हेरिओमीटरच्या (चढ-उताराचा वेग सांगणाऱ्या यंत्राच्या) बीपवर वर चढतात. तेव्हा डावीकडे कललं की डाव्या कानात, उजवीकडे कललं की उजव्या, आणि पंख सपाट असले की काहीच नाही. आवाज बंद करायचीही सोय ठेव, तासभर तो कानात घेऊन कोणी बसू शकत नाही.

अल्टिमीटरच्या त्या दाबाच्या नॉबचं तू काहीच केलेलं नाहीस, आणि खरी अडचण तिथेच आहे. आकडा ऐकू आला पण माउसशिवाय फिरवता आला नाही तर उपयोग काय? साधा एडिट बॉक्स दे, मी १००४ टाइप करून एंटर मारतो. अल्टिमीटरचा दाब लावणाऱ्या कोल्समन सेट या सिमकनेक्टच्या इव्हेंटला मिलिबार (म्हणजेच हेक्टोपास्कल) गुणिले १६ लागतं, म्हणजे १००४ साठी १६०६४ पाठवायचे. पाठवल्यावर मी टाइप केलेलंच परत वाचू नकोस, सिममधून पुन्हा मागवून वाच, तरच ते खरंच लागलं का ते कळेल.

काचेच्या कॉकपिटला, म्हणजे डायलऐवजी स्क्रीन असलेल्या कॉकपिटला, घाई करू नकोस. त्या स्क्रीन म्हणजे रंगवलेलं चित्र, स्क्रीनरीडरच्या हाती काही लागत नाही. पण पीएमडीजी या कंपनीने सिमसाठी बनवलेल्या ७३७ चं एसडीके (प्रोग्रामरसाठीचा संच) सीडीयूचे, म्हणजे पायलट उड्डाणाची माहिती भरतो त्या कीपॅडवरच्या छोट्या स्क्रीनचे, १४ ओळी गुणिले २४ रकाने अक्षरांसकट देतं आणि फ्लायबायवायर या गटाने बनवलेल्या ए३२० चा एमसीडीयू, म्हणजे तसाच कीपॅड-स्क्रीन, ब्राउझरमध्ये उघडतो, म्हणजे वाट आहे. आधी सेसना १७२ चे सहा डायल पक्के कर.

आणि माझ्या एकट्याच्या मतावर जाऊ नकोस. मी बरीच वर्षं उडवतोय, मला अर्धं सवयीने कळतं. कधीच सिम न चालवलेली, न दिसणारी दोन-तीन माणसं शोध आणि पुण्याहून टेकऑफ करून मुंबईच्या धावपट्टी २७ वर उतरताना ती कुठे अडतात ते शेजारी बसून ऐक, मधे बोलू नकोस. पुढची आवृत्ती झाली की पाठव, कीबोर्डवर कुठलं काम कुठल्या कीवर ठेवलंयस त्याची टेक्स्ट फाइल जोडून.