जपानमध्ये इंग्रजी शिकवायला येताय? आधी कराराचं बघा

तुम्ही लिहिलंत की अमरावतीला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवता, एम.ए. झालंय, जपानीची एन-4 परीक्षा पास आहात. एका कंपनीने एप्रिलपासून नागानो प्रांतातल्या शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून महिना 2,20,000 येनवर बोलावलंय. त्यात तुम्ही पूर्ण शाकाहारी. यावं का आणि रोजचं जगणं कसं असतं, असं विचारलंत. मी याच प्रांतात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आहे, जरूर यावं. पण कंपनीकडून चार गोष्टी लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. इथे सहायक शिक्षकाला सगळे एएलटी म्हणतात. वर्गातलं काम सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं, मात्र पगार कोण देतं त्यावर आयुष्य बदलतं. परदेशातून सहायक शिक्षक आणणाऱ्या, 1987 पासून चालू असलेल्या सरकारी जेट योजनेत पहिल्याच वर्षी सुमारे 40 लाख येन मिळतात, पण भारतातून त्यात फार थोडे जण येतात. काही गावांचं शिक्षण मंडळ थेट नेमणूक करतं, ती मिळाली तर उत्तम. तुमच्यासारखी कंपनीमार्फत येणारी नोकरी सर्वांत सहज मिळते आणि सर्वांत जपून घ्यावी लागते. ऑगस्टमध्ये शाळांना उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा कितीतरी करारांत पगार कापतात. त्या महिन्यात हातात नेमकं किती येणार, ते विचारा. आरोग्य विमा आणि पेन्शन कंपनीकडून आहे की स्वतः भरायचं, तेही विचारा. काही ठिकाणी आठवड्याचे तास अशा बेताने लिहिलेले असतात की कंपनीला तो भार उचलावा लागत नाही. शाळा किती आणि गाडी लागेल का, हा तिसरा प्रश्न. चौथा, पहिला पगार कधी? तो बहुधा पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतो. घर घेताना अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम आणि भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीची फी धरून भाड्याच्या चार-पाच पट पैसे एकदम जाऊ शकतात. घर रिकामं मिळतं, कधीकधी छताला दिवासुद्धा नसतो. दुसऱ्या वर्षी जूनपासून आदल्या वर्षीच्या कमाईवर रहिवासी कर सुरू होतो, त्यासाठी आधीपासून बाजूला टाकत जा.

आता शाळा. सकाळी दारातच बूट काढून आतले बूट घालायचे, शिक्षकांच्या खोलीत शिरताना मोठ्याने नमस्कार करायचा. रजा, आजारपण, तक्रार, सगळं उपमुख्याध्यापकांच्या कानावर हवं, त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून चांगलं ठेवा. माध्यमिक शाळेत जपानी इंग्रजी शिक्षक व्याकरण जपानीतून शिकवतात, कारण पुढे हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते. तुम्ही वाचून दाखवता, संवाद घेता, वह्या तपासता. तुमच्यासारख्या मुरलेल्या शिक्षिकेला सुरुवातीला हे अपुरं वाटेल. प्राथमिक शाळेत उलट असतं. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, पण बऱ्याच वर्गशिक्षकांना इंग्रजी बोलायची सवय नसते, त्यामुळे अख्खा तास तुमच्यावर येतो. मला हेच वर्ग सर्वांत आवडतात. एक मात्र पाहून घ्या. कंपनीने काम ठेक्यावर घेतलं असेल, तर वर्गशिक्षकांना तुम्हाला थेट सूचना देता येत नाहीत, सगळं कंपनीमार्फत जातं. मग दोघांनी मिळून तास आखणं अवघड होतं.

मुलं हात वर करत नाहीत. आपल्याकडच्या वर्गात प्रश्न संपायच्या आत दहा हात वर असतात. इथे शांतता असते, आणि ती शांतता म्हणजे अज्ञान नव्हे. चारचौघांत चुकण्याचा धाक असतो. आधी शेजाऱ्याशी जोडीने बोलू द्या, मग विचारा. तीच मुलं बोलती होतात, आणि एकदा झाली की दुपारच्या सफाईत वर्ग पुसता पुसताही तुमच्याशी इंग्रजीत बोलायला येतात.

शाळेतलं जेवण मुलंच पांढरे एप्रन घालून वाढतात, सगळे वर्गातच जेवतात, सोबत 200 मिलिलिटर दूध. तुम्ही ते घेऊ नका, डबा न्या. भाजी किंवा सूप नुसतं भाजीचं दिसलं तरी रस्सा बहुधा सुक्या बोनितो माशाच्या अर्काचा असतो. डबा आणणार हे आधी शाळेला कळवा, म्हणजे जेवणाचे पैसे कापले जाणार नाहीत. मुलांसोबत बसून मात्र जेवा. तूरडाळ, पोहे, मसाले ऑनलाइन घरपोच येतात. तोक्योला निशी-कासाईत भारतीय वस्ती आहे, शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन पकडून तिथे जाणं होतं, शिवाय तोक्यो मराठी मंडळही आहे. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डातून 2019 मध्ये नगरसेवक झाले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक. आपल्या माणसाला इथल्या शिक्षणव्यवस्थेत जागा मिळू शकते, हे त्यांच्यामुळे मला ठामपणे सांगता येतं.

नागानोच्या थंडीला हलक्यात घेऊ नका. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि घरं आतून गार असतात, बहुतेक घरांत रॉकेलचा हीटर लागतो. स्वेटर इथे घ्या, पण थर्मल कपडे तिथून आणा. गाडी लागणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून या, तो एक वर्ष चालतो. नंतर परवाना बदलून घ्यायला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही चाचण्या असतात. आल्यावर 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. दवाखान्यात विमा असला की 30 टक्के खर्च आपला.

कागदपत्रांत एक जागा अडते. सरकारी शाळांसाठीच्या व्हिसाला तुमचं किमान बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालं, याचा पुरावा मागतात. तुम्ही स्वतः कोणत्या माध्यमात शिकलात ते लिहिलं नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकला असाल तर शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि कॉलेज, तिन्हीकडून लेटरहेडवर शिक्का-सहीचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी मिळवा. शाळा मराठी माध्यमाची असेल तर पदवी आणि एम.ए.ची वर्षं धरून बारा भरतात का, ते कंपनीला आजच विचारा आणि उत्तर येईपर्यंत हातची नोकरी सोडू नका.