बिग बँग मानला तर ख्रिस्ती श्रद्धा सोडावी लागते का?

मुळीच नाही. विश्वाची सुरुवात एका अतिशय दाट, तप्त अवस्थेतून झाली, या बिग बँगच्या कल्पनेचा जनक जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. विश्व प्रसरण पावतंय, हे त्याने १९२७ मध्ये गणिताने मांडलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना त्यात निर्मितीची साक्ष दिसली, तर हे फादर खूश व्हायचं सोडून अस्वस्थ झाले! भौतिकशास्त्राला देवाच्या पुराव्यासाठी राबवू नये, असं त्यांचं मत. मलाही तेच पटतं. विश्व कसं घडलं ते विज्ञान शोधतं. ते का आहे, त्यात कसं वागावं, हा श्रद्धेचा प्रांत. आमच्या ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये रविवारी मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, येणारी पोरं शाळेत आनुवंशिकता शिकतातच की, आणि तिचा पाया घालणारा मेंडेलही मठवासीच. बायबलमधल्या विश्वनिर्मितीचे सहा दिवस अक्षरशः घड्याळाने मोजणारेही भेटतात म्हणा; पण कॅथलिक चर्चची तशी सक्ती नाही.