ताळेबंद जुळला, मग पैसे गेले कुठे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेला ऑडिटमध्ये सलग तीन वर्षं 'अ' वर्ग मिळाला. आता कळतंय की रोजची बचत दुकानातून गोळा करून नेणाऱ्या पिग्मी एजंटानं पैसे खाल्ले. माझ्याच पासबुकातले सत्तेचाळीस हजार संस्थेच्या दप्तरी नाहीत. ऑडिटर मग तपासतात तरी काय?
– एक किराणा दुकानदार, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. मी स्वतः ऑडिटर; मीही पिग्मी तपासताना एकदा तोंडघशी पडलोय, म्हणून सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका संस्थेत मी चार दिवस मोठी कर्जं उलटीपालटी केली. सोनेतारणाच्या पिशव्या सराफापुढे तोलून घेतल्या. पिग्मी खाती दोन हजारांवर, पण रकमा किरकोळ. खतावणीची, म्हणजे खातेवहीची, बेरीज तेरजेशी (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्याशी) जुळली, टिक केली, पुढं गेलो. सहा महिन्यांनी बोंब झाली. एजंट ग्राहकाच्या पासबुकात पन्नास लिहायचा आणि भरणा करायचा तीसचा. वरचे वीस दप्तरात आलेच नव्हते, तर दप्तर चुकणार कुठून? ते जुळणारच!

जोखीम रकमेच्या आकारावर ठरत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. पैसे घेणारा, लिहिणारा आणि जुळवणारा माणूस एकच असेल, तर ती जागा धोक्याची. वर्षभरात एकही रजा न घेणारा कर्मचारी दिसला की संचालक कौतुक करतात. मी त्याच्या टेबलाची तपासणी वाढवतो; तो रजेवर गेला, तरच त्याचं काम दुसरा कुणी बघेल ना! आमच्या भाषेत व्यवहाराची अंगभूत जोखीम वेगळी आणि संस्थेचा अंकुश ढिला असण्याची वेगळी. या दोन्ही आम्ही फक्त जोखू शकतो. आमच्या नजरेतून चूक निसटण्याची जोखीम मात्र आमच्या हातात असते; पहिल्या दोन जास्त, तर तपासणीही तेवढी जास्त आणि दप्तराबाहेर जाऊन.

त्यानंतर मी एजंटाला न कळवता दुकानांतून फिरू लागलो. एका पानवाल्याचं चुन्याचे डाग पडलेलं पासबुक अजून आठवतं. रोज वीस रुपये. कार्यालयाच्या खात्यात मात्र फक्त बाजाराच्या दिवसाचे वीस गायब. त्या दिवशी गर्दीत पासबुक कोण बघतो?

सगळी खाती कुणीच तपासत नाही, नमुना घेतो. 'अ' वर्ग म्हणजे तुमचं पासबुक पाहिलं, असा अर्थ नाही.

आता तुमचं. मूळ पासबुक कुणाच्याही हाती देऊ नका. झेरॉक्स जोडून संस्थेकडे आणि सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होईल. तिथं गेल्या वर्षीचा ऑडिट अहवाल आणि दोष दुरुस्ती अहवाल मागा. पिग्मी पासबुकांची पडताळणी होत नसल्याचा शेरा त्यात असेल, तर जाब संचालकांना विचारायचा. नसेल, तर आमच्या धंद्यातल्या माणसाला.