आईच्या आजाराचा भार मुलीच्या प्रवेश-अर्जावर नको

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला ७४ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. तिला बी.फार्म. किंवा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करायचे आहे, माझा आग्रह बीएएमएसचा आहे. तिच्या आईला स्तनाचा कर्करोग आहे. केमोचे हाल बघवेनात म्हणून आम्ही ती मध्येच थांबवून एका वैदूकडून नरक्याच्या सालीचा काढा सुरू केला. नरक्यात कॅन्सरवरचे औषध असते, हे शास्त्रानेही मानले आहे. मुलीने आयुर्वेदाची डॉक्टर होऊन यावरच काम केले तर आईलाही गुण येईल. कॉलेज कोणते निवडावे? डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण कॉलेजचे नाव विचारले आहे. परंतु केमोथेरपी मध्येच सोडल्याचे आपण जे ओघात लिहून गेलात, त्याने मला अधिक अस्वस्थ केले. प्रवेशाच्या फेऱ्या दरवर्षी होतात, अर्धवट राहिलेल्या उपचारांना मात्र दुसरी फेरी मिळेलच असे नाही. तेव्हा याच आठवड्यात पत्नीला घेऊन त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना भेटा आणि काढ्याची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका. त्रास असह्य होत असेल तर मात्रा कमी करणे, औषध बदलणे, उलट्यांवर आधीच औषध देणे असे मार्ग त्यांच्याकडे असतात. खर्चामुळे पाऊल अडले असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

आता नरक्याविषयी. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते, इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. त्याचमुळे या झाडाची चोरटी तोड आपल्या जिल्ह्याला नवी नाही. परंतु १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून हे द्रव्य प्रथम वेगळे केल्यानंतर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस ते रुग्णांना देऊन पाहिले गेले, तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा झाली, रक्तातील पांढऱ्या पेशी घसरल्या आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. मूळ रेणूत बदल करून तयार केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ साल उजाडले. तीही प्रामुख्याने अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. साल उकळून केलेल्या काढ्यात ते द्रव्य किती उतरले, हे वैदूलाही सांगता येणार नाही. झाडातून आलेले औषध निरुपद्रवी असते, ही समजूत सुशिक्षित घरांतही इतकी घट्ट बसली आहे की तिच्याविषयी आता सौम्यपणे बोलणे मला जमत नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात अनेक दशके वापरले जाते; तेच औषध मज्जातंतूंना इजा करून हातापायांना मुंग्या आणते आणि चुकून पाठीच्या कण्यातून दिले गेले तर जीव घेते. म्हणूनच ते मोजूनमापून आणि शिरेतूनच देतात.

आपण पाठवलेल्या कार्डावर पत्नीला दिलेल्या औषधाचे नाव ‘पॅक्लिटॅक्सेल’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. ज्या सलाईनला ‘केमिकल’ समजून आपण घाबरलात, त्यातील हे द्रव्य मुळात अमेरिकेतील पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीत सापडले, आणि ते शोधणाऱ्या जोडीपैकी एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झाले की मोडतो. पॅक्लिटॅक्सेल तो मोडू देत नाही, म्हणून विभाजन अडते. म्हणजे वनस्पतिजन्य औषध आपल्या घरात आलेच होते, आणि आपणच ते बंद केले.

याच औषधाचा कालक्रम मुलीच्या संदर्भात लक्षात घ्या. साल गोळा झाली १९६२ मध्ये, रेणूची रचना प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, आणि अमेरिकेत वापराला मान्यता मिळाली १९९२ मध्ये. तीस वर्षे आणि कितीतरी माणसे त्यात खर्ची पडली. बीएएमएसची साडेचार वर्षे आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून आपली मुलगी आईसाठी औषध घेऊन येईल, हा हिशेब कुठेच बसत नाही. त्याहून वाईट हे की अठरा वर्षांच्या मुलीला आपण न बोलता सांगत आहात की आईचे बरे होणे तिच्या प्रवेशावर अवलंबून आहे. उद्या दुर्दैवाने काही बरेवाईट झाले, तर त्याचा दोष ती स्वतःकडे घेईल आणि जन्मभर तो उतरवू शकणार नाही. आईसाठी काही केल्याचे समाधान आपल्याला हवे आहे, हे मी समजू शकतो. ते मुलीच्या हातून मिळवू नका.

बीएएमएसला माझा विरोध नाही. मनापासून आवड असणाऱ्याने ते जरूर करावे. मात्र कर्करोग हमखास बरा करतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, मग ती करणारा कोणत्याही पॅथीचा असो. तेव्हा वैदूचा काढा पदवीच्या पाटीखाली विकण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो आजच सोडलेला बरा.

राहिले तिचे स्वतःचे पर्याय. बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी आणि बीएएमएससाठी नीट, हे आपल्याला ठाऊकच आहे. वनस्पतिजन्य औषधांवर काम करायचे असेल, तर तिने सुचवलेल्या दोन्ही वाटा आपल्या आग्रहापेक्षा अधिक सरळ आहेत. बी.एस्सी. केल्यास पुढे शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करता येते आणि पश्चिम घाट तर दारातच आहे, बी.फार्म. केल्यास औषधनिर्माणशास्त्रातील एम.फार्म.चा मार्ग खुला होतो. कोणतीही वाट धरली तरी रसायनशास्त्र टाळता येणार नाही. तिला त्याचा कंटाळा आहे की गोडी, हे आपल्या पत्रात कुठेच नाही, आणि मला सर्वांत आधी तेच विचारायचे आहे. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे, आणि पाठवण्यापूर्वी ते आपण वाचू नये.