जुनं नाव कुणाकुणाला दिसेल?

"नाव आणि लिंग बदलायला कोर्टात गेलो, तर ते कुणीही नेटवर काढून बघेल ना?" माझ्याकडे येणारी बरीच ट्रान्स माणसं हे विचारतात. निखिलने (नाव आणि तपशील बदलले आहेत) 2022 मध्ये विचारलं, तेव्हा सोबत आई होती आणि खरी धास्ती तिचीच होती. धाकट्या मुलीसाठी स्थळं बघायला घेतली होती. "ताई, सोयऱ्यांनी सहज नाव टाकून बघितलं आणि हे सगळं वर आलं तर?"

आधी कोर्ट बाजूला काढलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा आणि त्याचे 2020 चे नियम यांत तेव्हा कोर्टाची पायरीच नव्हती. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि त्यावर ओळख प्रमाणपत्र. शस्त्रक्रिया झाली असेल तर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद असलेलं सुधारित प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र कुठे छापून येत नाही. ते दाखवल्यावर बाकीच्या कार्यालयांनी 15 दिवसांत नाव, लिंग, फोटो बदलून द्यायचा आणि कागदाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवायचा, असं नियम सांगत होते. (प्रत्यक्षात 15 दिवस कसले! आणि नियम बदलत असतात, अर्जाआधी ताजे बघून घ्या.)

हे ऐकून आईचा चेहरा सैल झाला. पण मला अर्धंच सांगायचं नव्हतं. अनेक कार्यालयं प्रमाणपत्र हातात असूनही राजपत्र (सरकारी गॅझेटमध्ये छापलेली नावबदलाची नोंद) मागतात. राजपत्र गुप्त नसतं, ते असतंच सगळ्यांना कळावं म्हणून. जुनं नाव मुलीचं, नवं मुलाचं, एकाच नोंदीत. कारण कुणी विचारायची गरजच उरत नाही. त्यामुळे "कुणालाही कधीच कळणार नाही" असं आश्वासन मी देत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून जपून राहा असंही सांगते.

निखिल रोज रात्री फोनवर स्वतःचं जुनं नाव टाकून बघायचा. शाळेच्या एका जुन्या निकालाशिवाय काही सापडायचं नाही, तरी बघायचा. मी त्याला म्हटलं, "जग राहू दे. ज्यांना कळू नये असं वाटतं, त्यांचीच नावं लिही." त्याने तीन लिहिली: मामा, ऑफिसचा एचआर, बहिणीचे होणारे सासरचे.

मामाचं नाव आईनेच खोडलं. "त्याला मीच सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली. निखिलला हे माहीत नव्हतं. ती भेट पुढे सगळी त्यावरच गेली. घरातली गोष्ट बाहेर जाते ती बहुतेक घरातूनच, सरकारी कागदातून क्वचित, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. पण त्या दिवशी मी तो बोलून दाखवला नाही, आई आधीच रडत होती.

एचआरचं वेगळं. पीएफमधलं नाव दुरुस्त करायचं तर तेव्हा कंपनीची मंजुरी लागायची, म्हणजे तिथे लपवणं शक्यच नव्हतं. मात्र 2020 च्या नियमांनुसार आस्थापनेने समान संधी धोरण ठेवायचं आणि कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयता कशी राखणार, हे त्यात यायला हवं. निखिलने तोच आधार घेऊन मेल लिहिला: माझी जुनी कागदपत्रं कोण उघडू शकतं, ते लेखी कळवा. उत्तर आलं, दोन माणसांची नावं आली. त्यानंतर त्याला बरी झोप लागू लागली.

कोर्टाची वेळ येतेच, पण ती एखाद्या कार्यालयाने अडवलं तर. तिथे भीती रास्त आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येतं आणि निकाल इतर संकेतस्थळांवरही जातात. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की याचिकेत नाव झाकण्याची विनंती करायची आहे. कोर्ट ती मान्य करेलच असं नाही, पण निकाल पसरल्यावर तो पुसत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलंय, आणि लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क त्याच न्यायालयाच्या 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात. वकिलाला हे ठाऊक असतं, पण तुम्हालाही ठाऊक असलेलं बरं.

तिसऱ्या नावाचं काय करायचं हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं. निखिलचं म्हणणं, बहिणीने स्वतः ठरवावं, तिलाच विचारा. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, बोलणी पुढे गेली की मीच सांगेन, तोवर तुम्ही कुणी सांगू नका.

राजपत्र निखिलने शेवटी काढलं, पदवीच्या कागदावर विद्यापीठाने अडवल्यावर. तो आता माझ्याकडे येत नाही. आई येते, एकटी.