गंडांतर: यातला ‘गंड’ कुठला आणि ‘अंतर’ कुठलं?

प्रश्न असा आला आहे: ‘नोकरीवर गंडांतर आलं’ म्हणतो, त्यातला ‘गंड’ न्यूनगंडातलाच का? आणि ‘अंतर’ कशापासून कशापर्यंतचं?

‘अंतर’ मुळात नाहीच. ज्योतिषातला संस्कृत शब्द आहे ‘गंडांत’, म्हणजे गंड अधिक अंत. मराठीत त्याला ‘र’ चिकटला आणि तेच रूप रूढ झालं.

‘गंड’ मात्र तोच. गंड म्हणजे गाठ. गळ्याला गाठी येतात ती गंडमाळ, मनात बसलेली गाठ तो न्यूनगंड. गंडांतरातली गाठ आकाशात आहे, आणि ती कशी पडते हे बघण्यासारखं आहे. नक्षत्रं 27, राशी 12. म्हणजे एका राशीत सव्वादोन नक्षत्रं. त्यामुळे राशीची हद्द एरवी एखाद्या नक्षत्राच्या पोटातूनच जाते. पण तीन ठिकाणी रास आणि नक्षत्र दोन्ही एकदमच संपतात: आश्लेषा संपून मघा लागते तिथे, ज्येष्ठा–मूळ यांच्या सांध्यावर आणि रेवती–अश्विनीच्या सांध्यावर. मुहूर्तग्रंथांनी, चंद्र असा सांधा ओलांडत असतानाच्या, संपत्या नक्षत्राच्या शेवटच्या 2 घटका आणि लागत्या नक्षत्राच्या पहिल्या 2, अशा 4 घटका, म्हणजे 96 मिनिटं, नक्षत्रगंडांत ठरवल्या. (तिथीचा आणि लग्नाचा, म्हणजे पूर्वेला उगवणाऱ्या राशीचा, गंडांत वेगळा.) या वेळी मूल जन्मलं तर जिवाला धोका मानत आणि त्याची शांत करत.

ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, शब्दाचा स्वभाव या घटकांतून आला आहे. गंडांतर येतं, ओढवतं आणि पुष्कळदा टळतं. ‘जिवावरचं गंडांतर टळलं’ हे वाक्य कानाला किती सरळ वाटतं! 12 जुलै 1961 ला पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरलं, त्याला प्रलय म्हणतील, आपत्ती म्हणतील. गंडांतर कुणी म्हणणार नाही. जे होऊन गेलं त्याला हा शब्द लागत नाही, डोक्यावर येऊन ठेपलेल्याला लागतो. म्हणून ‘गंडांतर कोसळलं’ असं छापलेलं दिसलं की मला ते खटकतंच. कोसळतं ते संकट.

‘त्याच्यावर संक्रांत आली’ हा प्रयोगही याच घरातला. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. तिथेही सांधाच ओलांडायचा असतो.