वाचकांचे प्रश्न : आमवात आणि रोजची स्टेरॉइडची गोळी

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. आमवातासाठी त्या तीन वर्षं रोज १० मिग्रॅ प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेत होत्या. सांधे शांत झाले आणि चेहरा सुजायला लागला, म्हणून त्यांनी गोळी आपणहून बंद केली. पाचव्या दिवसापासून मळमळतं, उठवत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आजार उलटला का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अशा वेळी छापील उत्तराची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आजार उलटला असता तर सांधे सुजले असते, सकाळी बोटं तासभर आखडली असती. ही लक्षणं गोळी एकदम तोडल्याची आहेत.

मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. ढोबळमानाने ते ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून तेवढं किंवा जास्त मिळत राहिलं की मेंदूकडून ग्रंथींना जाणारा हुकूम थांबतो आणि त्या आक्रसतात. पुन्हा कामाला लागायला त्यांना कित्येक महिने लागतात. तोवर गोळी थांबली तर रक्तदाब आणि साखर दोन्ही घसरतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळी घेतलेल्या कोणालाही हा धोका आहे.

म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवायची. १० मिग्रॅच्या खाली सहसा महिन्याला १ मिग्रॅ एवढीच घट करतात. आपल्याकडे १ मिग्रॅची गोळी सहज मिळत नाही, त्यामुळे तोडगा असा : महिनाभर एक दिवस १०, एक दिवस ७.५, पुढच्या महिन्यात रोज ७.५, मग ७.५ आणि ५ आलटूनपालटून. प्रत्येक उतरणीला चार-आठ दिवस अंग दुखतं, थकवा येतो. सांध्यावर सूज नसेल तर घाबरून मात्रा वाढवू नये. ५ मिग्रॅच्या खाली जाण्याआधी डॉक्टर बहुधा सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासायला सांगतात. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आधी नाही. नाहीतर आकडा फसवा येतो.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक हवी. ताप, जुलाब, शस्त्रक्रिया अशा वेळी शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं. ५ मिग्रॅ घेणाऱ्यांना ताप असेपर्यंत सहसा दुप्पट मात्रा देतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी. तीही पडली तर रुग्णालयात जावं, तिथे हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं १०० मिग्रॅचं इंजेक्शन लागतं. गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेला कागद पाकिटात ठेवा, कारण बेशुद्ध माणूस हे सांगू शकत नाही.

प्रश्न : रोज सकाळी प्रेडनिसोलोन घेतो. उपाशीपोटीची साखर ९६ येते, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.२. प्रयोगशाळा चुकली का? आणि एकादशीला गोळी कशी घ्यायची?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रयोगशाळा बरोबर आहे, तपासणीची वेळ चुकली. सकाळी घेतलेल्या गोळीचा साखरेवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो, पहाटेपर्यंत ओसरतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर बघा. गोळी मात्र रात्रीवर ढकलू नका, झोप उडेल. उपासाला ती चुकवायची नाही आणि रिकाम्या पोटीही घ्यायची नाही. साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याची भाजी ही जोडी साखर हमखास चढवते. त्यापेक्षा दही, मूठभर शेंगदाणे आणि छोटी राजगिऱ्याची भाकरी बरी.

प्रश्न : स्टेरॉइडची गोळी चालू आहे आणि मी रोज नाचणीची भाकरी खाते. तरीही कॅल्शियमची गोळी लागेल?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हिशेब करून बघा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिग्रॅ कॅल्शियम असतं. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर पावणेदोनशे. पेलाभर दुधातून आणखी अडीचशेच्या आसपास. गरज १००० ते १२०० मिग्रॅची, म्हणजे उरलेलं कुठून तरी यायला हवं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं; थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच असते, वर्षानुवर्षं नव्हे.

स्टेरॉइडमुळे हाडं पहिल्या सहा महिन्यांतच झिजायला लागतात, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लवकर करा. जांघेत दुखत असेल, चालताना लंगडायला होत असेल, तर साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याचं सुरुवातीला एमआरआयमध्येच दिसतं.

प्रश्न : एका वैदूची बिननावाची पुडी वडील वर्षभर घेतात. दोन दिवसांत दुखणं थांबलं, भूक वाढली, चेहराही भरला. चालू ठेवावी का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोन दिवसांत गुण, भूक आणि गोल चेहरा, तिन्ही एकत्र आले की पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यायचा. पण आजच ती फेकून देऊ नका. वर्षभरानंतर एकदम थांबवली तर साताऱ्याच्या सासूबाईंसारखीच गत होईल. पुडी सोबत घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते माहीत असलेल्या मात्रेचं प्रेडनिसोलोन सुरू करून मगच ती सोडवतील, आणि आमवातावरचं खरं औषधही चालू करतील. त्यात मेथोट्रेक्सेट असलं तर ते आठवड्यातून एकदाच, रोज नाही. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.